बॅज नसलेला ड्रम: वापरलेल्या मेपल स्नेअरचा इतिहास आणि चार प्रमाणं



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की न्यायशास्त्रातली ही प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणं पाठ करून आज करायचं काय? बाजारात त्यांचा उपयोग आहे का? प्रश्न थोडा चिमटा काढणारा होता, आणि योग्य होता. मी तेव्हा म्हटलं होतं, पुढच्या वेळी एक खरेदी सांगतो. ती आज सांगतो. वस्तू आहे एक जुना ड्रम. त्याच्या निमित्तानं त्या वाद्याचा इतिहासही सांगणार आहे, कारण इतिहास माहीत नसता तर आम्ही त्या दिवशी फसलो असतो. आणि गंमत म्हणजे, एकदा उलट्या दिशेनंही फसलो असतो.

माझी मुलगी शिकागोजवळ राहते. तिचा मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवतो. दोन उन्हाळे लोकांच्या अंगणातलं गवत कापून त्यानं पैसे साठवले होते. त्याला हवा होता वापरलेला, मेपलच्या लाकडाचा स्नेअर ड्रम. मी तिथे तीन महिने राहायला गेलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जा त्याच्याबरोबर. तो हुरळून जातो, तुम्ही जात नाही." हे अर्धंच खरं आहे.

आता ज्यांना स्नेअर म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात तिरका अडकवून जो वाजवतात, तो साइड ड्रम. तेच हे घराणं. लाकडाचं किंवा धातूचं कडं, त्याला शेल म्हणायचं. वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि खालच्या पडद्याला चिकटून ताणलेल्या तारा. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पडद्याला ढकलते, तो तारांवर आपटतो आणि 'चर्र' असा आवाज येतो. तारा सैल करून बाजूला केल्या की तोच ड्रम 'टम्' असा साधा बोलतो. सगळी मजा त्या तारांत आहे.

याचं मूळ युरोपच्या मध्ययुगातल्या टेबर नावाच्या छोट्या ढोलात. एका हातानं बासरीसारखं वाद्य, दुसऱ्या हातानं टेबर, आणि ढोलाच्या पडद्यावर आतड्याची एक दोरी. पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्विस पायदळानं बासरी आणि ढोल रणांगणावर आणले. तिथे तो करमणुकीसाठी नव्हता. चला, थांबा, मागे फिरा, हे हुकूम गोंगाटातून पोचवायचे तर आवाज तीक्ष्ण आणि तुटक हवा. तारांचा तो चरचराट युद्धाच्या गरजेतून टिकला. अमेरिकेच्या यादवी युद्धातही सैन्याबरोबर ढोलवाले असत, त्यांत कित्येक अगदी पोरवयाचे. तेव्हाचे ढोल दोरीनं ताणलेले, आपल्या ढोलासारखेच. पुढे एकोणिसाव्या शतकात दोरीच्या जागी स्क्रू आले, आणि एका चावीनं पडदा हवा तेवढा ताणता यायला लागला.

मग हा सैनिक नाचघरात शिरला. सुरुवातीला मोठ्या ढोलाला एक माणूस, स्नेअरला दुसरा. किंवा एकच माणूस हातांनी दोन्ही सांभाळायचा. 1909 साली शिकागोत विल्यम लडविग आणि थिओबाल्ड लडविग या भावांनी पायानं मोठा ढोल वाजवायचं चांगलं चालणारं पॅडल बनवून कंपनी काढली. पायावर मोठा ढोल गेला, दोन्ही हात स्नेअरला मोकळे झाले. आजचा ड्रमसेट खऱ्या अर्थानं तिथून उभा राहतो.

आणि मेपलच का? त्याला भूगोल कारण आहे. साखरी मेपल, ज्याच्या रसाचा पाक ते लोक धिरड्यांवर ओततात, ते झाड ग्रेट लेक्सच्या आसपास भरपूर. लाकूड कठीण, घट्ट आणि बारीक पोताचं. बास्केटबॉलची मैदानं आणि बोलिंगच्या पट्ट्या याच लाकडाच्या. शिकागो हे या जंगलांच्या जवळचं रेल्वेचं मोठं ठाणं. तिथे ड्रमचे कारखाने उभे राहिले यात नवल नाही.

जुनी पद्धत अशी: मेपलची एकच लांब पट्टी घ्यायची, वाफेवर मऊ करायची, साच्याभोवती गोल वाकवायची, दोन्ही टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची. पण लाकूड हट्टी असतं, ते पुन्हा सरळ व्हायला बघतं. म्हणून आतून वर आणि खाली मेपलचीच जाड कडी चिकटवायची. दुसरी पद्धत थरांची. पातळ पत्रे एकमेकांना आडवे-उभे ठेवून चिकटवले की ते एकमेकांना धरून ठेवतात. 1960च्या दशकातल्या लडविगच्या शेलमध्ये असे तीन थर आणि आत कडी असत. पुढे थर वाढले आणि कड्यांची गरज कमी झाली.

एकसंध मेपलच्या ड्रमांत सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे शिकागोच्याच स्लिंगरलँड कंपनीचा 'रेडिओ किंग'. तो गाजला जीन क्रुपामुळे. हाही शिकागोचाच, जन्म 1909चा. 16 जानेवारी 1938 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदानं जो कार्यक्रम केला, त्यात ड्रमवर क्रुपा होता. ड्रमवाला मागच्या अंधारातून पुढच्या उजेडात आला तो या पिढीत. त्यामुळे आजही 'हा रेडिओ किंग आहे' एवढं म्हटलं की किंमत वाढते.

आता आमच्या खरेदीकडे येऊ.

विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. गॅरेजमध्ये ड्रमच ड्रम. आम्हाला दाखवलेला ड्रम 14 इंच व्यासाचा, साडेसहा इंच खोल, वर शिंपल्यासारखं पांढरं सेल्युलॉइड, जुनं होऊन पिवळसर झालेलं. ते म्हणाले, हा चाळीसच्या दशकातला रेडिओ किंग आहे, फक्त बॅज कुणीतरी काढलाय. मागितले 600 डॉलर. नातवाचे डोळे चमकले. त्याच्याकडे होते 420.

हे झालं शब्दप्रमाण. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानतं, पण कुणाच्या? आप्ताच्या. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी लागतात. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते सरळ म्हणाले, "ज्याच्याकडून मी घेतला तो म्हणाला होता." माणूस प्रामाणिक होता. पण प्रामाणिक माणूस ऐकीव गोष्ट सांगतो तेव्हा तुम्हाला त्याचा प्रामाणिकपणा मिळतो, ज्ञान मिळत नाही. (हशा) इतिहासातल्या निम्म्या दंतकथा अशा प्रामाणिक माणसांनीच पुढे नेलेल्या असतात.

मग अनुमान. आम्ही वरचा पडदा काढला. आत एकसंध पट्टी, तिरका सांधा, वर-खाली कडी. नातू म्हणाला, "आजोबा, बघा, रेडिओ किंगच!" मी म्हटलं, थांब. धूर दिसला म्हणून अग्नी, हे ठीक. पण जी खूण दुसऱ्या ठिकाणीही सापडते, ती खूण सिद्ध काय करणार? एकसंध मेपल आणि आत कडी असे ड्रम लीडी कंपनीनं केले, लडविगनंही केले. आपल्याकडे याला सव्यभिचार हेतू म्हणतात. खूण खरी आहे, पण ती एकनिष्ठ नाही.

मग नातवालाच एक गोष्ट दिसली, आणि ती त्यालाच दिसली हे मला महत्त्वाचं वाटतं. ड्रमच्या कुशीत हवा जायला एक भोक असतं. त्या काळी बॅज त्याच भोकात धातूची नळी ठोकून बसवत. बॅज गेला होता, पण त्याच्याखालचं सेल्युलॉइड उन्हापासून झाकलेलं राहिल्यानं कमी पिवळं झालं होतं. भिंतीवरची तसबीर काढली की मागे चौकोन दिसतो ना, तसं. आणि तो डाग चक्क गोल होता. त्या काळच्या स्लिंगरलँडचा बॅज ढगासारखा, नागमोडी कडेचा असे. जी वस्तू तिथे नव्हती, तिनंच साक्ष दिली.

यावरून हा रेडिओ किंग नाही असं सिद्ध होतं का? नाही. कुणी मध्येच दुसरा बॅज लावला असेल. पण 'हा रेडिओ किंग आहे' हे सिद्ध होत नाही, एवढं मात्र नक्की. विकणाऱ्यांनी भिंग आणून तो डाग पाहिला, आणि हसले. म्हणाले, "वीस वर्षं माझ्याकडे आहे, कधी बघितलं नाही."

बॅजची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतो. लडविगनी आपली कंपनी 1930च्या सुमारास कॉन या कंपनीला विकली. विकताना नावही गेलं. 1937मध्ये विल्यम लडविगनी पुन्हा स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा स्वतःच्या ड्रमवर स्वतःचं आडनाव लावायची त्यांना सोय नव्हती! म्हणून आद्याक्षरं लावली: डब्ल्यू. एफ. एल. 'लडविग' असा बॅज असलेले ड्रम दुसरेच कुणी बनवत होते. 1955मध्ये कॉननं हे खातं विकायला काढलं, तेव्हा लडविग आणि स्लिंगरलँड या दोघांनी मिळून ते घेतलं. लडविगनी आपलं नाव परत घेतलं, स्लिंगरलँडनं लीडीचं नाव घेतलं. पुढे स्लिंगरलँडचं नावही बऱ्याच हातांतून फिरलं. 1994मध्ये ते गिब्सनकडे गेलं आणि 2019मध्ये डीडब्ल्यूकडे. म्हणजे बॅज ही सुद्धा अखेर शब्दप्रमाणाचीच जात. तो खरा असला तरी कशाचा खरा, हे विचारावं लागतं.

आता प्रत्यक्ष प्रमाण. डोळ्यांनी बघितलं म्हणजे कळलं, असं आपण समजतो. आम्ही शेल सपाट काचेवर ठेवलं, आत फोनचा दिवा लावला, आणि कडेखालून उजेड येतो का ते पाहिलं. पडदा या कडेवर टेकतो. कड सपाट नसेल तर ड्रम कधीच नीट सुरात लागत नाही. वरची कड टेकवली, उजेड जवळजवळ नाही. छान. उलटं करून खालची कड टेकवली, तर समोरासमोर दोन ठिकाणी चांगला उजेड! मी लगेच म्हणालो, "चल, निघू या. कड बसलीय."

इथे मी चुकलो होतो. खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खाचा मुद्दाम कोरलेल्या असतात. तारा ज्या दोन बाजूंनी बाहेर पडतात तिथे पडदा किंचित खाली वळावा, म्हणजे तारा त्याला सपाट चिकटून बसतील, म्हणून. नातवाला हे माहीत होतं, मला नव्हतं. उजेड दोघांनाही सारखाच दिसला. त्याला त्यात कारागिरी दिसली, मला दोष. प्रत्यक्षालासुद्धा शिकलेला डोळा लागतो. आता असा विचार करा: बॅजचा डाग दिसला नसता तर आम्ही नसलेल्या गुणाचे पैसे दिले असते, आणि खाचा कळल्या नसत्या तर नसलेल्या दोषापायी चांगला ड्रम सोडून आलो असतो.

खरे दोषही होते. आतलं खालचं कडं दोन ठिकाणी सुटलेलं, नखानं टकटक केली की पोकळ वाजे. तारा ओढायचा खटका मूळचा नव्हता, त्यासाठी पाडलेली चार जादा भोकं होती. व्यास टेपनं चार दिशांनी मोजला, तर दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे किंचित लंबगोल. हे सगळं विकणाऱ्यांसमोरच बोललो. ते म्हणाले, 350. व्यवहार झाला.

पुढचं काम घरी. नवा पडदा आणला तर तो शेलवर घट्ट बसेना. याचंही उत्तर इतिहासात. 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत पडदे वासराच्या कातड्याचे असत. ओलं कातडं लाकडी कड्याभोवती हातानं गुंडाळायचं, त्यामुळे ते त्या त्या ड्रमाच्या मापात बसे. पण हवा दमट झाली की सैल. आपले हलगीवाले विस्तवावर हलगी शेकतात, तसे तिकडचे वादक मोठ्या ढोलाच्या आत विजेचा दिवा लावून ठेवत. मग 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात चिक एव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरच्या फिल्मचे पडदे बाजारात आणले. ते हवामानाला बधत नाहीत, पण त्यांचं माप कारखान्यात ठरलेलं. कातड्याच्या काळातली जाडजूड शेल त्यांत अडकतात. त्यासाठी किंचित वेगळ्या मापाचे पडदे मिळतात, ते मागवले. वरचा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, पांढरा खरखरीत. खालचा त्याच्या एक तृतीयांश इतका पातळ, कारण त्याला तारांना थरथर द्यायची असते.

सुटलेलं कडं सरसानं चिकटवून, शिकंजे लावून रात्रभर ठेवलं. मग पडदे. सगळे स्क्रू आधी बोटांनी घट्ट, नंतर चावीनं पाव-पाव फेरा, एकाच्या समोरचा दुसरा अशा क्रमानं. प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून इंचभर आत, काठीचं टोक हलकेच टेकवून आवाज ऐकायचा आणि सगळे सारखे करायचे. इथे मी कामाला आलो. माझे वडील तबला वाजवत. गट्ट्यावर हातोडी मारताना घराघरांचा सूर कसा मिळवायचा, ते मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून ऐकलेलं. हे उपमान: ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी ओळखणं. शेवटी तारा मधोमध बसवायच्या, आणि आवळायच्या त्या हलक्या काठीलाही बोलतील इतक्याच. फार आवळल्या की ड्रम गुदमरतो.

एक प्रश्न मात्र राहिला होता. कडा. जुन्या ड्रमांच्या कडा गोलसर असतात, पडदा लाकडाला जास्त टेकतो, आवाज उबदार आणि आखूड येतो. आजच्या कडा टोकदार, आवाज मोकळा. एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, यंत्रावर नव्या कडा कापून देतो, ड्रम नव्यासारखा होईल. नातवाची इच्छा होती. मी म्हटलं, ड्रम तुझा आहे, निर्णय तुझा. पण कापलेलं लाकूड परत येत नाही, आणि हा कुणी बनवला ते शोधायला उद्या कुणी निघाला तर ती कड हा एक पुरावा आहे. तो दोन दिवस गप्प होता. मग सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून त्यानं कड फक्त हलकी घासली, उंचवटे गेले एवढीच. म्हणाला, "आधी जसा आहे तसा ऐकतो."

मिलिंद राजाला नागसेनानं रथाबद्दल विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, ते तुम्हाला आठवत असेल. पडदे बदलले, तारा बदलल्या, खटका बदललेला, बॅज गेलेला. मग हा 'तोच' ड्रम कसा? नागसेनाचं उत्तर असं, की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं व्यवहाराचं नाव. मला ते पटतं. पण व्यवहाराचं नाव म्हटलं की व्यवहाराची जबाबदारीही येते. आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी.

वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. पैशांची ओढ होती. त्यांचा तबला विकला. खोडाला एक बारीक तडा होता, वडिलांनी त्यात लाख भरून घेतली होती. वरून दिसत नव्हता. घेणारा तरुण मुलगा होता, बहुधा पहिलाच तबला घेत होता. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि तरीही आप्ताची दुसरी अट मी मोडली होती. पन्नास वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी त्या धड्याला तो मुलगा आठवतो.

हे मी नातवाला सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एका कागदावर लिहिलं: ड्रम कधी घेतला, बॅजच्या जागी गोल डाग आहे, खटका मूळचा नाही, चार जादा भोकं आहेत, कडं चिकटवलंय, कड हातानं घासलीय, बनवणारा माहीत नाही. पडदा लावायच्या आधी तो कागद त्यानं शेलच्या आत चिकटवला. म्हणाला, "पुढचा माणूस पडदा काढेलच ना."

थांबतो इथे. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, पण आवाज कसा आहे त्याचा?)

हां, हे विचारायलाच हवं होतं! (हशा) डिसेंबरमध्ये शाळेचा कार्यक्रम होता. मला ड्रममधलं फार कळत नाही. पण हळू वाजवताना त्या तारा जे बोलत होत्या, ते मागच्या रांगेत मला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि माझं वय तुम्ही जाणता. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठल्या कंपनीचा आहे? मी म्हटलं, माहीत नाही. हे उत्तर द्यायला आम्हाला बराच अभ्यास करावा लागला.